तेवीस देठ

वेल नीटनेटकी दिसत होती, आणि ते पाहूनच ताई दाराशी थबकली. चार दिवसांनी घरी परतलेलं माणूस आधी हातपाय धुतं, चहा मागतं, प्रवासात शेजारी कोण बसलं होतं ते सांगतं. ताई खांद्यावरची बॅगही न उतरवता जिना चढून थेट गच्चीवरच्या काचघरात आली होती. परक्या शहरात नव्या एक्स-रे मशीनचं प्रशिक्षण घेताना चारही दिवस तिचं अर्धं चित्त इथेच, या दहा फूट बाय सात फुटांत राहिलं होतं. वेल जागेवर होती. तारांवरून गेलेले फाटे होते, जाड चकचकीत पानं होती, कुणीतरी एकेक पुसून ठेवल्यासारखी (आणि खरंच पुसलेली). सगळं होतं, तरी काहीतरी कमी होतं, आणि काय कमी आहे ते डोळ्यांना सापडेना. शाळेत पहिल्या दिवशी पाठवायला केस चापून बसवलेल्या मुलीसारखी वेल दिसत होती. मग ताईला पानांवर वाळलेले पांढरे थेंब दिसले. फरशीवरही होते. ही वेल कापली की दूध गाळते. ताईने पहिल्या बेचक्यात बोट घातलं. देठ नव्हता. दुसऱ्यात नव्हता. तिने तेवीस ठिकाणी बोट लावून पाहिलं आणि तेवीसही ठिकाणी एक सपाट, गुळगुळीत, अतिशय सफाईने केलेला काप बोटाला लागला.

भावजय मागून वर आली, हातात ताईचा चहा. "बघितलंत?" ती म्हणाली. "म्हटलं तुम्ही येईपर्यंत जरा आवरून ठेवावी. किती काड्या लोंबत होत्या हो वाळलेल्या." आणि तिने स्टुलावरची कागदाची पुडी उघडून दाखवली. सगळ्या काड्या आत होत्या, एकही खाली न सांडता गोळा केलेल्या. तिच्या चेहऱ्यावर काम मनासारखं झाल्याचा आनंद होता. ताईने कप घेतला. तिच्या जिभेवर दोन शब्द येऊन बसले. गेली कित्येक वर्षं ते असेच न बोलावता येत आले होते: असू दे. तिला ते ठरवावे लागत नसत. समोरच्याने चूक केली, जागा घेतली, विसरला, की ते आपोआप दाराशी हजर होत, घरच्या पाहुण्यासारखे. आत्ताही आले. ओठ उघडलेही. पण शब्द काही बाहेर पडले नाहीत. ताईने चहाचा एक घोट घेतला, कप स्टुलावर ठेवला, पुडी उचलली आणि बॅग ठेवून येते एवढंच सांगून ती जिना उतरली. मागे भावजय जराशी थांबली असावी. उरलेला चहा निवला असावा.

आता त्या काड्या काय होत्या हे सांगायला हवं, कारण घरात ते कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नव्हतं याचं खापर पुढचे काही दिवस ताईच्याच डोक्यावर फुटणार होतं. बाकीच्या वेलींचं कसं, फूल गळतं, देठ गळतो, संपलं. हिचं तसं नाही. मेणाच्या चांदण्या जोडाव्यात तसा पंधरा-वीस फुलांचा गुच्छ येतो, दोन आठवडे राहतो, फुलं गळून जातात, पण गुच्छ ज्याला लोंबत होता तो पेराएवढा देठ मागे राहतो. बोडका. तपकिरी. मेल्यासारखा. पुढच्या वर्षीचा गुच्छ त्याच देठाच्या टोकाला येतो. त्याच्या पुढच्या वर्षीचाही तिथेच. दर वर्षी देठ तसूभर वाढतो आणि त्याच्यावर एक कडं उमटतं. सगळ्यात जुन्या देठावर चौदा कडी होती. म्हणजे ज्याला कुणीही काडी म्हणेल त्यात चौदा वर्षं रचून ठेवलेली होती, एकावर एक, दुकानात बांगड्या ठेवतात तशी. ताईने हे कधी कुणाला सांगितलं नाही. विचारलंच नव्हतं कुणी. आणि खरं सांगायचं तर तिला ते एकटीलाच माहीत असणं आवडत असे. घरातल्या बाकी सगळ्या गोष्टी, पाण्याची वेळ, बिलांच्या तारखा, कुणाला कसलं औषध चालत नाही, हे तिला माहीत असे ते सगळ्यांसाठी. हे एवढं तिचं स्वतःचं होतं.

तीन वर्षं वेल फुलली नव्हती, आणि तो घोळही ताईचाच. कुंडीच्या भोकातून मुळं बाहेर डोकावायला लागली म्हणून तिने मोठ्या मायेने दुप्पट कुंडी आणली. वेल रुसली. मुळांना जागा मिळाली की ही बया मुळंच वाढवत बसते. कुंडी पुन्हा गच्च भरल्याशिवाय फुलांचं नाव काढत नाही, हे ताईला मागाहून कळलं. तेव्हा तिने त्यातून स्वतःसाठी एक समजूतही काढून ठेवली होती. जिन्याखालच्या आपल्या खोलीत, जिथे पलंगावर बसलं की गुडघे कपाटाला लागतात, ती मनाशी म्हणायची की बरोबरच आहे, अंग चोरून राहिलं तरच फुलता येतं. समजूत छान होती. पाच-सहा महिने टिकली. मग एकदा कपाटाचं दार उघडताना गुडघ्याला लागलं आणि ताईला आपलाच राग आला: वेलीला जे लागतं ते वेलीला, माणसाने ते आपल्या अंगाला का लावून घ्यावं? ते असो. मुद्दा एवढाच की यंदा कुंडी भरली. प्रशिक्षणाला जायच्या आदल्या सकाळी ताईने भिंग लावून एकेक देठ पाहिला आणि अकरा देठांच्या टोकाला टाचणीच्या डोक्याएवढे हिरवट मणी दिसले. अकरा. तिने पुन्हा मोजले. खाली येऊन ती काही बोलली नाही. सांगितल्याने नजर लागते असलं काही ती मानत नव्हती. सांगितलं की चर्चा होते, एवढंच.

चर्चेला तर निमित्तच हवं होतं, कारण वेलीवर पैज लागलेली होती. भावजय कपड्यांच्या कारखान्यात कामाला होती, आणि तो कारखाना हंगाम संपला की बंद होणार होता. तिने घरीच काम घ्यायचं ठरवलं. दोन मशीनं, कापडं पसरायला एक टेबल, आणि भरपूर उजेड, कारण तिची नजर आता पूर्वीसारखी राहिली नव्हती. भरपूर उजेड घरात एकाच ठिकाणी होता. दोन महिन्यांपूर्वी जेवताना धाकट्याने विषय काढला. ताईचा हा भाऊ लिफ्टदुरुस्तीचं काम करतो, नव्वद किलोचा आहे, पण ताईच्या मनात तो अजून धाकटाच. त्याने विषय काढला तोही नेहमीप्रमाणे थट्टेवारी नेऊन: तुझ्या काचमहालात राणीसाहेब तीन वर्षं नुसत्या बसून खातायत, उन्हाळा लागेपर्यंत फुलल्या तर महाल त्यांचा, नाही तर खोली हिची. सगळे हसले. भावजय म्हणाली, काय हो तुमचं काहीतरी. ताईही हसली, आणि हसता हसता म्हणून गेली, असू दे, तसं तर तसं. भाजीचं भांडं पुढे सरकवताना म्हणावं तितक्या सहज. त्या घरात ती अशी बरंच काही म्हणून गेलेली होती. धाकट्याचं लग्न झालं तेव्हा पुढची खोली: असू दे, मला काय करायचीय मोठी खोली. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा सहा वर्षांची रात्रपाळी: असू दे, मी घेते, दिवसा घरी राहता येईल. ठरत आलेलं एक लग्न, त्याच सहा वर्षांत, तेही. तेव्हा मात्र ते शब्द म्हणायला तिला दोन दिवस लागले होते, आणि समोरचा माणूस हॉस्पिटलच्या फाटकाशी उभा राहून ते ऐकून घेत होता आणि बोटाने फाटकाचा सोलवटलेला रंग काढत होता. तो रंग हिरवा होता. हे सगळं ती विसरलेली होती असं तिला वाटत होतं.

तेवीस कापांनी ते वर आलं.

भावजयीला ताई ओळखत होती. एकवीस वर्षं एका स्वयंपाकघरात वावरलेल्या दोन बायका एकमेकींना जितकं ओळखतात तितकं. कारखान्यात तिचं काम शेवटच्या टेबलावरचं: शिवून आलेला कपडा उलटासुलटा करून पाहायचा आणि राहिलेले दोरे कापायचे. त्यासाठी तिच्याकडे मुठीत मावणारी, दाबली की चावणारी एक चिमुकली कात्री असे. घरीही ती कुणाच्या बाहीचा दोरा सुटलेला पाहू शकत नसे. बोलता बोलता तिचा हात यायचा, कच, आणि दोरा गेलेला असायचा. कापलेले दोरे पुडीत गोळा करून मुकादमाला दाखवायचे, त्याशिवाय पाळी सुटत नाही. म्हणजे पुडीचाही खुलासा होत होता. तिला ती वेल म्हणजे दोरे न कापता टेबलावर आलेला कपडा दिसली असणार. रोज पाण्याची टाकी बघायला गच्चीवर जाताना दिसत असणार, हात शिवशिवत असणार, आणि ताईच्या वस्तूला हात कसा लावायचा म्हणून ती थांबली असणार. चार दिवस मिळाले. तिने ताईला सुख द्यायला म्हणून ते केलं. हे सगळं ताईला समजत होतं, अगदी लख्ख समजत होतं, आणि समजूनही छातीतली गाठ तसूभर सैल होत नव्हती. उलट त्या समजण्याच्या मागून आणखी एक विचार मान वर काढत होता: पैज ठाऊक असलेल्या बाईने, उन्हाळा तोंडावर आलेला असताना, नेमक्या याच चार दिवसांत... ताई तो विचार खाली दाबायची. तो पाण्यातल्या लाकडासारखा पुन्हा वर यायचा.

तिने जी वाक्यं म्हटली नाहीत ती अशी होती. मला विचारायचं तरी होतंस. हे पहिल्या संध्याकाळी, भाजी चिरताना. दुसऱ्या दिवशी बसच्या थांब्यावर: तुझ्या कपाटातला एखादा अर्धवट शिवलेला ब्लाउज मी असाच नीट करून ठेवला असता तर? हे वाक्य तिला फार आवडलं, तिने ते बसमध्ये तीनदा म्हणून पाहिलं, तिसऱ्यांदा ते कोतं वाटलं. मग एक अर्धंच आलं: तुला माहीत होतं का गं, की. आणि तिथेच तुटलं. वाक्याचं दुसरं टोक शोधायला ती दिवसभर लोकांच्या छात्या मशीनला टेकवत राहिली. हनुवटी वर. खांदे पुढे. श्वास घ्या, धरा, हलू नका, सोडा. एकतीस वर्षं ती हे म्हणत आली होती. हॉस्पिटलमध्ये तिला फोटोबाईच म्हणत. एक म्हातारे गृहस्थ धरलेला श्वास सोडायलाच विसरले, कारण ती सोडा म्हणायलाच विसरली. बाई, मी सोडू का, असं त्यांनी डोळ्यांनी विचारलं तेव्हा ती भानावर आली.

घरी बोलणं बंद नव्हतं. ताई अबोला धरणाऱ्यातली नव्हती. मीठ दे, पाणी आलं, दार लावून घे, सगळं चाललेलं. फक्त ते दोन शब्द आले नव्हते, आणि घर त्यांची वाट पाहत थांबलं होतं, वरच्या मजल्यावर एक चप्पल पडल्याचा आवाज आल्यावर खालच्याने दुसरीची वाट पाहावी तसं. धाकट्याने आडून सुचवून पाहिलं. झाडच आहे, पुन्हा येतील की काड्या. मग जरा सरळ: तिला काय स्वप्न पडलं होतं का, तू कधी सांगितलंस का आम्हाला? मग चक्क गोड बोलून: ताई, तू आमच्यात सगळ्यात मोठ्या मनाची. ताई ऐकत होती आणि तिला पहिल्यांदाच कळत होतं की मोठं मन म्हणजे घरातली एक खोली आहे, जिच्यात बाकीच्यांनी आपापलं सामान टाकायचं असतं. हे तिने बोलून दाखवलं नाही. पोळी वाढ म्हणाली.

पुडी तिच्या पर्समध्ये होती. ती कशाला बरोबर ठेवलीय हे तिला सांगता आलं नसतं. चौथ्या दिवशी दुपारी, बाहेरचे पेशंट संपले होते आणि डॉक्टर जेवायला गेले होते तेव्हा, तिने आतल्या खोलीचं दार लावून घेतलं. तिथे बायकांच्या स्तनांची तपासणी करायचं मशीन होतं, जे हाडांच्या मशीनला न दिसणारं मऊ आणि बारीक दाखवतं. तेवीस देठ तिने पांढऱ्या कागदावर ओळीने मांडले. इतक्या वर्षांत तिने हॉस्पिटलची पेन्सिलसुद्धा घरी नेली नव्हती. तरी आज तिला काही चुकल्यासारखं वाटलं नाही, आणि या गोष्टीची तिला गंमत वाटली. चिठ्ठीशिवाय फोटो काढायचा नाही हा नियम तिने स्वतःच नव्या मुलींना घोकून घेतलेला, म्हणून तिने चिठ्ठीही लिहिली.

नाव: नाही.
वय: एकोणीस. (जुन्या बाह्यरुग्ण विभागाच्या खिडकीतली कुंडी फेकायला काढली होती, दोन पानांचा तुकडा ओल्या बँडेजमध्ये गुंडाळून घरी आणला, ते धरून.)
तक्रार: काही नाही. तक्रार करत नाही.
कोणत्या भागाचा फोटो: जो राहिलेला नाही.
पाठवणारे डॉक्टर:

इथे ती थांबली, आणि आपली सही केली.

पडद्यावर देठ उमटले. ताई खुर्चीतून उठून जवळ गेली. कडी म्हणजे मणके दिसत होते, एकावर एक चढत गेलेले, चौदा, अकरा, नऊ, एका कोवळ्यात फक्त दोन. खालचं टोक सरळ, कात्रीने मारलेलं. आणि वरच्या टोकाला, अकरा देठांच्या नव्हे तर सोळांच्या, मण्यांचे झुबके. भिंगातून तिला अकराच दिसले होते. बाकीच्या पाचांत ते अजून सालीच्या आत होते, बाहेर यायची तयारी करत. एकेका मण्यात पाच चुण्या, दुमडून ठेवलेल्या. तिने आजवर हजारो मोडलेल्या गोष्टी पाहिल्या होत्या. इथे मोडलेलं काहीच नव्हतं. दार ढकलून सिस्टर आत आली, हातात डबा. तिने पडद्याकडे बघितलं, डोळे बारीक केले आणि विचारलं, कुणाचा गं हा फोटो? "नात्यातली आहे," ताई म्हणाली. सिस्टरने आणखी निरखून पाहिलं. मग वाईट वाटल्यासारखा चेहरा करून ती म्हणाली की हल्ली कुणाला काय होईल सांगता येत नाही बाई, आणि डबा खायला निघून गेली.

ताईने फिल्म छापून घेतली. मोठ्या पिवळ्या पाकिटात घातली. परतीच्या बसमध्ये बसायला जागा मिळाली आणि ती पाकीट वाकू नये म्हणून मांडीवर उभं धरून बसली, लोक आपल्या आजाराचं पाकीट धरून बसतात तशी. समोरच्या बाईने सहानुभूतीने पाहिलंही. ताईला विलक्षण उत्साह आला होता. आता टेबलावर फिल्म ठेवायची. उजेडासमोर धरून दाखवायची. हा बघ मणी. हा बघ. सोळा. फुलणार होती. पैज मी जिंकले होते; तुमच्या कात्रीने मी हरले नाही. धाकट्याचं तोंड कसं होईल ते तिने पाहिलं, भावजयीच्या डोळ्यांत पाणी येताना पाहिलं, आणि त्यानंतर सगळे मिळून म्हणतील, अगं मग राहू दे काचघर, हेही ऐकलं. राहू दे. दोन थांबे गेले. तिसऱ्या थांब्यावर कुणीतरी उतरताना पाकिटाला धक्का लागला, तिने ते छातीशी घट्ट धरलं, आणि त्या घट्ट धरण्यातच तिला काहीतरी ओशाळवाणं वाटलं. हे आपण काय घेऊन चाललोय? दाखला. आम्ही बसून खात नव्हतो, आमचं काम चालू होतं, आत बघा, असा दाखला. आणि मणी नसते तर? गेली तीन वर्षं नव्हतेच. त्या तीन वर्षांत ती रोज सकाळी वर जात होती, पानांवरची धूळ पुसत होती, थंडी पडली की कुंडीभोवती घोंगडी गुंडाळत होती, पुढे आलेला फाटा तारेवर वळवत होती, आणि अर्धा तास कुणालाही काहीही न देता उभी राहत होती. जुन्या हॉस्पिटलच्या मोडीत काढलेल्या खिडक्यांचं ते घर. एका काचेवर अजून 'शांतता राखा' लिहिलेलं, आतून उलटं दिसणारं. तिथे तिला कुणी ताई म्हणत नसे. तो अर्धा तास फुलांच्या भरवशावर होता का? ती घरात राहते ते कशाच्या भरवशावर? असं कुणी कधी विचारलं नव्हतं. पण कुणी विचारायच्या आधीच ती उत्तर देत आली होती, रोज, मीठ-पाण्याच्या हिशेबाने, रात्रपाळ्यांनी, पुढच्या खोलीने. सगळ्या आयुष्याची ती एकच फिल्म उजेडासमोर धरून उभी होती: बघा, उपयोग आहे. बस थांबली. ती आपला थांबा सोडून पुढे आली होती. एक थांबा मागे चालत येताना तिने पाकीट मधोमध दुमडलं, पुन्हा दुमडलं, आणि पर्समध्ये कोंबलं. फिल्म आत कडकड वाजली.

रविवारी सकाळी काचवाला आला. कुणी बोलावलं, कधी बोलावलं, ताईला कळलं नाही. ती कपडे वाळत घालायला वर गेली तर तो स्टुलावर उभा, कमरेला पट्टी, आणि खाली धाकटा उभा राहून त्याला सांगत होता की काचा शाबूत निघाल्या पाहिजेत. भावजय दाराशी होती, आत न येता. धाकट्याने ताईला पाहिलं आणि तो घाईघाईने बोलायला लागला.

"म्हटलं ऊन चढायच्या आत माप होऊन जाऊ दे. नाहीतरी यंदा काही ती फुलायची नाही आता."

"नाही फुलणार," ताई म्हणाली.

"मग झालं तर."

"पुढच्या वर्षीही नाही. नवे देठ यायला दोन-तीन वर्षं जातील. येतीलच असंही नाही."

"तेच म्हणतोय मी."

"काचघर राहणार आहे."

धाकटा हसला. तिच्याकडे पाहून हसू थांबलं. तो म्हणाला की पण आपलं ठरलं होतं, तूच म्हणाली होतीस तसं तर तसं, सगळ्यांच्या समोर. ताईने बादली खाली ठेवली. पर्स खांद्याला नव्हती, खाली खोलीत होती, आणि ती आणायला जावं असं तिला एकदाही वाटलं नाही.

"म्हणाले होते. ते माझं चुकलं. फुलली तर ठेवायची असलं मी कबूलच करायला नको होतं. मी वर येते ती काही फुलं मोजायला येत नाही. हे घर तुझं आहे तितकंच माझं आहे, आणि त्यातला एवढा तुकडा कशाच्याही उपयोगाचा नसला तरी राहील."

काचवाला वरून म्हणाला, "दादा, काढायचंय की ठेवायचंय? नाही, मी आपला चढून बसलोय म्हणून."

भावजय आता आत आली होती. तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं होतं. ती म्हणाली, "ताई, मी मुद्दाम नाही हो केलं. शपथ घेऊन सांगते. तुम्ही एकदा रागावून घ्या, पण हे असं नका करू."

ताईने तिच्याकडे पाहिलं. पाण्यातलं ते लाकूड, आठ दिवस वर येणारं, आत्ता शोधलं तर सापडेना. हिने मुद्दाम केलेलं नव्हतं. हे आता दिवसाउजेडी समोर उभं होतं, लाल झालेल्या नाकासकट. आणि तरी.

"मला माहीत आहे तू मुद्दाम नाही केलंस," ती म्हणाली. "पण मला राग आलाय. तो आज जायचा नाही, उद्याही जायचा नाही. तुझ्या हातचा चहा मी पिईन, तुझ्याशी बोलेन. राग राहील. त्याला घाई करू नकोस."

भावजयीने मान हलवली, आधी नाही अशी, मग हो अशी. धाकटा दोन मजल्यांच्या मधे अडकलेल्या लिफ्टच्या दाराशी उभा असावा तसा उभा होता; आतल्या माणसाचा आवाज येतोय, पण दार कुठून उघडायचं ते कळत नाहीये. मग त्याला एकदम सापडलं, आणि त्याने तो खरा, साधा, कळीचा प्रश्न विचारला, त्यात लबाडी अजिबात नव्हती.

"मग हिची मशीनं कुठे ठेवायची, ताई?"

आणि लगेच तिच्या डोळ्यांसमोर आपली खोली आली. पलंग उभा करून भिंतीला लावलेला. खिडकीशी एक मशीन, कपाटाच्या जागी दुसरं. टेबल पुढच्या खोलीत. आपण निजायला स्वयंपाकघरात, तसंही पहाटे लवकर उठावंच लागतं. सगळं मापासकट बसत होतं. वाक्य तयार होतं, नुसतं तोंड उघडायचं होतं. दोघेही तिच्या तोंडाकडे पाहत होते, स्टुलावरचा तिसराही. एकवीस वर्षं, त्याच्या आधी वडिलांची वर्षं, या प्रश्नाला असंच तिच्याकडे पाहिलं जात आलं होतं, आणि असं एकदाही झालं नव्हतं की तिच्याकडे उत्तर नाही. ताईने ते वाक्य गिळलं.

"मला माहीत नाही," ती म्हणाली.

तिने ओल्या कपड्यांची बादली उचलून कडेला ठेवली. मग काचवाला म्हणाला की फेरी तर पडलीच आहे, एखादं बारीकसारीक काम असेल तर सांगा. ताई म्हणाली, वरची झडप दोन वर्षं उघडत नाही, उन्हात आत फार कोंडतं, ती बघा. त्याने पान्याने दोन ठोके मारले, गंजाचा भुगा खाली पडला, आणि तेल असेल तर द्या म्हणाला. धाकटा जागचा हलला नाही. भावजय खाली गेली. जिन्यावर तिची पावलं वाजली, कुठलासा खण ओढल्याचा आवाज आला, पुन्हा पावलं. तिने आपल्या मशीनच्या तेलाची कुपी आणली होती, लांब चोचीची. ती तिने काचवाल्याला दिली नाही, ताईसमोर धरली.

ताईने कुपी घेतली. आभार मानले नाहीत, आणि ते दोन शब्दही म्हणाली नाही. स्टुलाशेजारी जाऊन, टाचा उंचावून, तिने स्वतःच बिजागरीत थेंब सोडले, एक, दोन, चार. काचवाल्याने झडप वर ढकलली आणि ती आवाज न करता उघडली. आत वारा आला. राग होता तिथेच होता. तेल चांगलं होतं.